घटपर्णीचा ओठ

२ मार्च

मुलीने कुरियरने झाड पाठवलं. खोक्याच्या चारही बाजूंवर ‘ही बाजू वर’ असं छापलेलं, त्यामुळे खरी वरची कुठली हे शेवटपर्यंत कळलं नाही. आत कुंडी, कुंडीत शेवाळ आणि नारळाची भुशी, त्यात वीतभर उंचीची, किडे खाणारी घटपर्णी. पानं पाच. घट एकही धड नाही. दोन पानांच्या टोकांना काळ्या, सुरकुतलेल्या पिशव्या लोंबताहेत. ते घट प्रवासात वाळले असणार.

फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, जन्मभर लोकांना दात करून दिलेत. आता दातांशिवाय खाणारं कुणीतरी सांभाळा."

बायको म्हणाली, "घरात अंगावर येणारा एक होता तेवढा पुरे होता."

कुंडी लॅबच्या खिडकीत ठेवली. लॅब म्हणजे आमची पुढची खोली. इथे मी कवळ्या बनवतो. दवाखान्यातून हिरड्यांचे साचे येतात, मी मेणात दात लावतो, मेण काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरतो, शिजवतो, घासतो, चकाकी आणून परत पाठवतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. दवाखान्यात निरोप्या होतो तेव्हा फुटलेली एक कवळी घरी आणून जोडत बसलो, ती सुरुवात. झाडही तसंच शिकेन. म्हणून ही दैनंदिनी. काही घडेल त्या दिवशी लिहायचं. नुसतं ‘आज काही नाही’ लिहायला शाई घालवायची नाही.

५ मार्च

झाडासोबत आलेला कागद कुचकामी आहे. ‘पुरेसे पाणी द्यावे.’ पुरेसे म्हणजे किती? ‘मध्यम ऊन.’ कुणाच्या मध्याने? मी पुस्तकं मागवली आहेत.

नळाच्या पाण्यातले क्षार हिच्या मुळांना सोसत नाहीत. प्लास्टर कालवायला माझ्याकडे डिस्टिल्ड पाणी असतं, तेच देतो. मधोमध नवं पान निघतंय, घट्ट सुरळी. व्हर्नियरच्या जबड्यात धरून मापलं, एकतीस मिलिमीटर.

"रोज माप घेताय," बायको म्हणाली, "कपडे शिवायचेत का तिचे?"

१३ मार्च

सुरळी उलगडली. पानाची मधली शीर पान संपलं तरी थांबत नाही, दोऱ्यासारखी पुढे निघते. तिला तणावा म्हणतात. त्याच्या टोकाशी घट धरतो. लोकांना वाटतं घट म्हणजे फूल किंवा फळ. तसं नाही. पानच पुढे जाऊन घट होतं. हे मी दुपारी बायकोला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. जेवायला चला."

नव्या शर्टांची काजं लहान निघाली. बटण बोटातून निसटतं. हल्ली शिलाई कुणीही कशीही करतं. बायकोने बटणं लावून दिली. आज जुना शर्ट घातला, त्याचीही लावून दिली.

१९ मार्च

तणाव्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढं बोंड आलंय. भिंगातून पाहिलं तर त्यावर तपकिरी लव आहे. बोटाने हळूच स्पर्श करून पाहिला, लव अजिबात लागत नाही. इतकी मऊ लव माझ्या पाहण्यात नाही. नोंद करण्यासारखं आहे.

छोट्या डॉक्टरीणबाई स्वतः साचा द्यायला आल्या. त्यांच्या वडिलांच्या दवाखान्यातच मी निरोप्या होतो. आता खुर्चीवर त्या बसतात. बसल्या बसल्या नाक वर करून म्हणाल्या, "काका, अजून उघड्या हाताने लिक्विड? मोजे घालत जा हो. तुमच्या हाताला तोच वास येतो कायम."

मी त्यांना समजावलं. प्लास्टिकच्या पावडरीत लिक्विड कालवलं की आधी ते ओल्या वाळूसारखं लागतं, मग मधासारखी तार सुटते, मग कणीक होते. कणकेचा तो नेमका क्षण बोटालाच कळतो. मोजा घातला की बोट आंधळं होतं. तुमचे वडील मला बोटांचा माणूस म्हणायचे.

"म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या. "बोटं जपा."

चांगली मुलगी आहे. पण साच्याच्या कडा घेताना घाई करते.

२४ मार्च

बोंड तुटलं. सकाळी पाहिलं तर तणावा टोकाशी मोडून लोंबत होता. काल संध्याकाळी मी तो फक्त उजेडाकडे वळवला होता, तोही दोन बोटांनी, अलगद. मोडल्याचं मला काहीच जाणवलं नाही, म्हणजे तेव्हा मोडला नसणार. बायकोला विचारलं, धूळ झटकताना काही लागलं का?

"त्या खिडकीकडे मी फिरकतसुद्धा नाही. तुमचं तीर्थक्षेत्र ते."

मग मांजर असेल. शेजाऱ्यांकडे एक आहे.

वाईट वाटायला हवं होतं. बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो, वाटलं नाही. उठून कामाला लागलो.

१ एप्रिल

जेवताना बायकोने माझा हात धरून उलटा केला. तर्जनीच्या पेराला हा एवढा फोड. "हे कधी झालं?"

मेणाची सुरी मी स्पिरिटच्या दिव्यावर तापवतो. तिथेच भाजलं असेल. कधी ते सांगता येईना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, कामाच्या माणसाची कातडी जाड असते.

"कातडी जाड आहे हे लग्नापासून माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण दुखत कसं नाही?"

"नाही दुखत, तर चांगलंच आहे की."

तिने हात सोडला नाही. वाढलेलं निवत होतं.

९ एप्रिल

कवळी परत आली. इतक्या वर्षांत दात बदलून, रंग बदलून मागितलेत, पण आतल्या बाजूच्या दोषासाठी माझं काम परत आलेलं नव्हतं.

कवळी ज्यांची, ते आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. आता नातवंडांपुरतं वाजवतात. डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्यात बोलावलं तेव्हा ते खुर्चीतच बसलेले, ओठ दुमडून. मला पाहून हसले आणि म्हणाले, "मास्तर, दात देखणे केलेत. पण मी ते चावायला घेतले होते. ते मलाच चावतायत."

हिरडीवर जखम झाली होती. डॉक्टरीणबाईंनी कवळी उलटी करून आतून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "इथे. दाणा राहिलाय, काका."

प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की तिथे प्लास्टिकचा दाणा उठतो, टाचणीच्या टोकाएवढा. डोळ्याला तो दिसत नाही, गुलाबीत गुलाबी मिसळून जातो. म्हणून प्रत्येक कवळी आतून बोटाने तपासायची. हा माझाच नियम आहे. मी ही कवळी तपासली होती. त्यांनी दाखवली त्याच जागी मी पुन्हा बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"लागला?"

"हो," मी म्हटलं.

मला काहीही लागलं नव्हतं. घरी येऊन भिंगाखाली कवळी तिरकी धरली, तेव्हा दाण्याची सावली दिसली. होता. घासून काढला.

यावर विचार करून असं ठरवलं की डॉक्टरीणबाईंचं बोट नवीन आहे, म्हणून तीक्ष्ण आहे. आणि मलाही जीवनसत्त्वं कमी पडत असतील. आरोग्याच्या एका पुस्तकात आहे तसं. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या.

१६ एप्रिल

गोळ्या घेतोय. बोटांची टोकं झोपल्यासारखी आहेत, झोपेत हात अंगाखाली अडकला की होतं तसं. फरक इतकाच की मुंग्या येऊन उठत नाहीत.

झाडाचं चांगलं चाललंय. जुन्या काचा जोडून मी कुंडीभोवती पेटी केली, हवा दमट राहते. दुसऱ्या पानाचं बोंड आता करंगळीच्या नखाएवढं आहे. आधी ते खाली मान घालून होतं, आता वळून वर उठलंय. चपटं आहे, जणू आत कुणी फुंकर घालायची राहिलीय. झाकण गच्च बंद. घट झाकण उघडण्याआधीच आतून पाणी भरतो. बाहेरचं काही आत जाण्याआधी सगळी तयारी आतल्या आत. हे मला आवडलं.

बायकोने डॉक्टरचा विषय काढला. नसांचे डॉक्टर, कुणाच्या तरी ओळखीचे. मी म्हटलं, ते चार तपासण्या करतील आणि मी गोळ्या घेतोय त्याच लिहून देतील.

"सगळं तुम्हाला आधीच कसं हो माहीत असतं?"

"वाचतो."

"मग हेही वाचा," म्हणून तिने टेबलावर रबरी मोज्यांचं खोकं ठेवलं. मी ते खिडकीत पेटीखाली ठेवलं. उंची बरोबर जुळली.

२७ एप्रिल

घट फुगायला लागला होता. पिवळसर हिरवा, अंगावर तांबडे ठिपके, अंगठ्याएवढा. आज चेचलेला सापडला. मध्ये दोन समांतर रेघा, रेघांवर काळं. पाण्याचा थेंब बाहेर येऊन सुकलेला.

पानाची प्रतच कच्ची असावी, असं मी लिहिणार होतो. बायको मागे उभी होती. तिने रेघांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या व्हर्नियरकडे.

"काल मापलंत ना?"

"व्हर्नियर मी मेणावर वापरतो. मेणावर वळ उठू न देता पाव मिलिमीटर मोजतो मी. तुला त्यातलं काय कळतं?"

"मला काही कळत नाही. मी फक्त बटणं लावते."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही. ती चिडली की भांड्यांचा आवाज येतो, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

४ मे

डॉक्टरीणबाईंचा फोन. पूर्ण कवळ्यांची कामं काही दिवस दुसऱ्या लॅबला पाठवतायत. "काका, थोडी विश्रांती होईल तुम्हाला. दुरुस्त्या आहेतच की तुमच्याकडे." आवाज फार गोड होता.

त्यांचंही बरोबर आहे. माझ्यावर कामाचा ताण पडत होता. टेबल आज पूर्ण मोकळं आहे. पुसून घेतलं.

मुलीचा फोन आला. झाड कसं आहे विचारलं. ठीक, म्हटलं. आईला द्या म्हणाली. दोघी बराच वेळ बोलल्या, आणि मी खोलीत गेलो तेव्हा भाजीच्या भावावर आल्या.

१५ मे

लिहिण्यासारखं नाही. तरी लिहितो. सकाळी उठतो, लॅबमध्ये बसतो, दुपारी जेवतो, पुन्हा बसतो. एक फुटकी कवळी जोडायला आली, जोडली. जोड भिंगाखाली तीनदा पाहिला. आतून बोट फिरवलं नाही. फिरवून काय करणार, असा विचार मनात आला आणि मी तो पुढे नेला नाही.

चहाचा कप हातात आहे की नाही हे मी आता बघून ठरवतो.

२२ मे

तिसऱ्या पानाचं बोंड नखाएवढं झालं. बायकोने पेटीचा ताबा घेतला. व्हर्नियर कपाटात आणि कपाटाची किल्ली तिच्याकडे. "बघायचं तेवढं बघा," म्हणाली, "हात पाठीमागे."

"मी काय शाळेत आहे?"

"शाळेत गेला असतात तर ही वेळ आली नसती. बाईंनी छडी मारली असती आणि तेव्हाच कळलं असतं, लागतं की नाही."

मला हसू आलं. तिलाही आलं असतं, पण ती पाणी फवारत होती.

पाहायचं तर खूप आहे. रोज बोंड जरा वर वळतं. लव विरळ होते. रंग तळापासून चढतो. माप नसल्यामुळे नेमकं काही लिहिता येत नाही. ‘कालपेक्षा मोठं’ एवढंच. असं मोघम मी कधी लिहिलं नव्हतं.

२ जून

घट उघडला. सकाळी चहा घेऊन आलो तेव्हा झाकण अर्धं सुटलेलं होतं. दुपारपर्यंत पूर्ण वर गेलं. मग तोंडाची कड बाहेरच्या बाजूला वळायला लागली. तिला मी ओठ म्हणतो. गुंडाळत, रुंद होत, लाल होत गेली, त्यावर बारीक उभ्या रेघा. मेणात मी हिरडी कोरतो तेव्हा अशाच रेघा देतो, म्हणजे ती खरी वाटते. किडा या ओठावर येतो, पाय घसरतो, आत जातो. पुस्तकात लिहिलंय की आतल्या भिंतीला मेणाचा थर असतो.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघं बघत होतो. मग ती म्हणाली, "डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा तर. ओठाला हात लावून देते. एकदाच."

मी डोळे मिटले. तिने माझा हात मनगटाला धरून उचलला. मनगटावर तिची बोटं कळत होती, गार आणि जरा ओली. हात पुढे गेला आणि थांबला. मी वाट पाहिली. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. शेवटी झाली.

"लाव ना," मी म्हटलं.

मनगटावरची तिची बोटं जरा आवळली.

"लाव की. हळूच धर म्हणजे झालं."

"केव्हाचा लावलाय," ती म्हणाली.

मी डोळे उघडले. माझी तर्जनी ओठावर होती, पेरापर्यंत, आणि टोक आत.

 मग विचारलं, "कसा लागतो?"

तिने माझं बोट बाजूला करून आपलं ठेवलं. "गुळगुळीत. बारीक बारीक रेघा आहेत. आपल्या टाळूला जिभेने लागतात ना, तशा."

मी म्हटलं, उद्या त्या नसांच्या डॉक्टरांना फोन कर.

९ जून

नसांचे डॉक्टर माझ्याहून लहान आहेत. त्यांनी मला टाचणी टोचली, कापूस फिरवला, हातावर तारा लावून झटके दिले. पंजात झटके कळले, टोकांना नाहीत. मग विचारलं, कामात काय काय हाताळता?

मी सविस्तर सांगितलं. पावडर, लिक्विड, वाळू, मध, कणीक. उघड्या हाताने, सुरुवातीपासून, कधीच मोजा नाही. एरवी हे सांगताना माझा आवाज चढतो. आज अर्ध्यावर लक्षात आलं की डॉक्टरांनी लिहिणं थांबवलंय, आणि शेवटचं वाक्य मी हळू बोललो.

लिक्विड कातडीतून आत जातं आणि नसा मारतं, म्हणाले. लिक्विडला हात लावणं आजपासून बंद. थोडंफार परत येईल, सावकाश. कदाचित येणारही नाही.

"काम करायचं का?" बायकोने विचारलं. मीही तेच विचारणार होतो.

"मोजे घालून, तेही साधे नाहीत, जाड. आणि जे बोटाने तपासता ते दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

परत येताना आम्ही बसमध्ये बसलो होतो. तिने तिकीट माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून थोपटलं, म्हणजे ते तिथे आहे हे मला छातीला कळावं.

२१ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. मोज्यांत पेन धरायची सवय करतोय. अक्षर बिघडलंय, पण वाचता येतं.

डॉक्टरीणबाईंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, क्लॅरिनेटवाले आजोबा दुसऱ्या लॅबची कवळी घालायला तयार नाहीत. हिरडी भरून आली आहे आणि त्यांचा निरोप आहे, "मास्तरांचेच दात द्या. फक्त न चावणारे."

पूर्ण कवळी केली. पूर्वीपेक्षा चौपट वेळ लागला. लिक्विड जाड मोज्यांत कालवलं. कणकेचा क्षण मी डोळ्यांनी ओळखला, चमक जाते आणि भांड्याच्या काठाला चिकटत नाही तो. इतकी वर्षं हे समोर होतं, कधी बघितलं नव्हतं. शिजवली, घासली, चकाकी आणली.

आज बायकोला बोलावलं. तिने हात धुतले, पुसले, चष्मा लावला. मी म्हटलं, चष्मा नको. डोळे मीट.

ती हसली नाही. स्टुलावर बसून डोळे मिटले आणि कवळी उलटी धरून आतून बोट फिरवायला लागली. मी सांगितलं, टाळूपासून सुरू कर, मग कडेने, कुठेही उडी मारायची नाही.

"बोलू नका," ती म्हणाली. "मला ऐकू येतं, मग लागत नाही."

 खिडकीत दुसरा घट फुगतोय. पहिल्याच्या ओठावर एक मुंगी कडेकडेने चालली होती, आत गेली की परतली ते मी पाहिलं नाही.

"इथे," ती म्हणाली.

मी त्या जागेवर पेन्सिलने खूण केली आणि घासलं. ती पुन्हा टाळूपासून सुरू झाली. उडी मारली नाही.

"आता?"

"काही नाही. गुळगुळीत."

"नीट बघ."

"बघायचं नाही म्हणालात ना. काही नाही म्हणतेय ना मी."

मी भिंग उचललं होतं. ते खाली ठेवलं. कवळी ओल्या कापसात गुंडाळून डबीत घातली आणि झाकण दाबलं. टक असा आवाज आला, म्हणजे बसलं.